गीझरवर शिक्का, जोडणी मात्र बेवारस

थंडीचा कडाका वाढला की उत्तर भारतातील वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर एक बातमी दरवर्षी नव्याने छापली जाते. न्हाणीघराचे दार बराच वेळ उघडले नाही, घरच्यांनी ते तोडले, आतील व्यक्ती बेशुद्ध वा मृत आढळली आणि गॅसचा गीझर चालूच होता. अशा बातम्या बेंगळूरु आणि मुंबईसारख्या सौम्य हवामानाच्या शहरांतूनही आल्या आहेत. पोलिसांच्या दफ्तरी ‘अपघाती मृत्यू’ अशी नोंद होते. तो गीझर कोणी, कोठे आणि कोणत्या अर्हतेच्या बळावर बसवला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या मृत्यूंमागील कारण गूढ नाही. गॅस पूर्णपणे जळण्यासाठी भरपूर हवा लागते. लहानशा बंद न्हाणीघरात प्राणवायू लवकर कमी होतो, ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्टपणे बांधला जातो. माणसाला धोका जाणवण्याआधीच हातपाय गळून जातात. भारतीय डॉक्टरांनी वैद्यकीय लेखनात यासाठी ‘गॅस गीझर सिंड्रोम’ अशी संज्ञा वापरली आहे. तोच गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवला आणि आत केवळ गरम पाण्याचा नळ आणला, तर हा धोका जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे एकच उपकरण भिंतीच्या एका बाजूला सोय ठरते आणि दुसऱ्या बाजूला सापळा.

विजेच्या गीझरची कथा वेगळी, पण मर्म तेच. जुन्या घरांत तीन छिद्रांचा सॉकेट असतो, मात्र त्यामागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. गळती होताच वीज तोडणारे आरसीसीबी अनेक घरांत नाही. उंच इमारतींत पंपाचा दाब अधिक असूनही दाब कमी करणारी झडप बसवली जात नाही. सुरक्षा झडपेतून पाणी ठिबकते म्हणून तिचे तोंडच बंद केले जाते. वास्तविक ते ठिबकणे हे टाकीतील वाढता दाब बाहेर पडत असल्याचे लक्षण असते. पंचवीस लिटरच्या गीझरमध्ये पंचवीस किलो पाणी असते आणि हे सारे ओझे कधी कधी पातळ आडभिंतीतल्या दोन खिळ्यांवर तोललेले असते.

आपल्या व्यवस्थेने वस्तूकडे लक्ष दिले आहे, हे मान्य केले पाहिजे. पाणी साठवणाऱ्या विजेच्या गीझरसाठी भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस २०८२’ हे मानक आहे आणि त्यावर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. एलपीजीवर चालणाऱ्या छोट्या गीझरसाठी ‘आयएस १५५५८’ आहे. वायरिंग आणि अर्थिंगसाठीही मानके आहेत. विजेची जोडणी परवानाधारकाने करावी, असा नियमही आहे. प्रत्यक्षात दारात येतो तो दुकानाने पाठवलेला किंवा मोबाइलवरून बोलावलेला कारागीर. नळकाम, वीजकाम आणि गॅसची जोडणी तो एकटाच तासाभरात उरकतो. त्याचा परवाना कोणी मागत नाही आणि तो काम झाल्याचा कागद देत नाही.

दोष उघड झाला की ग्राहकाचा फेरा सुरू होतो. कंपनी म्हणते, जोडणी चुकीची होती, म्हणून हमी लागू नाही. दुकानदार म्हणतो, आम्ही केवळ विक्री केली. कारागीर म्हणतो, मालच सदोष होता. या तिघांच्या मध्ये ग्राहक उभा असतो आणि त्याच्या हाती असते ती फक्त खरेदीची पावती.

कायदा येथे वाटतो तितका दुबळा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘उत्पादन विक्रेता’ या संज्ञेत वस्तू ‘बसवून देणारा’ही येतो. सदोष सेवेमुळे झालेल्या हानीची जबाबदारी सेवा देणाऱ्यावर टाकता येते. ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही आणि मुदत २ वर्षांची आहे. तक्रार १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही नोंदवता येते. अडचण आहे ती पुराव्याची. दुसरा कारागीर येऊन सारे उतरवतो, तेव्हा पहिल्याची चूकही पुसली जाते. म्हणून दोष दिसताच वीज व गॅस बंद करावा, जोडणीची छायाचित्रे घ्यावीत, लेखी तक्रार द्यावी आणि तपासणी होईपर्यंत काहीही सुटे करू नये.

भाडेकरूची स्थिती याहून बिकट आहे. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या परिशिष्टात घरातील वायरिंग व पाण्याच्या वाहिन्या बदलणे घरमालकाकडे आहे, तर गीझरची दुरुस्ती भाडेकरूकडे. अर्थिंग नसलेल्या तारेला जोडलेला गीझर मग कोणाचा? भिंतीला भोक पाडण्याचा अधिकार नसलेल्या माणसाने गीझर बाहेर हलवायचा तरी कसा?

ब्रिटनमध्ये घरोघरी गॅसचे बॉयलर आहेत. तेथे गॅसचे काम करणाऱ्याला ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंदणी करावीच लागते. २००९ पासून ही नोंदवही चालू आहे. कारागीर ओळखपत्र बाळगतो आणि ग्राहक ते पडताळू शकतो. घरमालकाला गॅस उपकरणांची दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते. तेथेही चुका होतात. परंतु चूक कोणाची, याचे उत्तर शोधण्यासाठी एक नाव आणि एक क्रमांक हाताशी असतो.

भारतात हीच व्यवस्था जशीच्या तशी उचलण्याची गरज नाही. गीझर विकणाऱ्याने जोडणी कोणी केली, त्याचा परवाना क्रमांक काय, अर्थिंग आणि वायुवीजन तपासले का, एवढे एका पानावर नोंदवून ग्राहकाला देणे बंधनकारक करता येईल. गॅसच्या बाबतीत एलपीजी वितरक आणि नळाने गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांची माणसे घरापर्यंत पोहोचतच असतात. न्हाणीघरात गीझर दिसल्यास तो हलवण्याची लेखी सूचना देण्याचे काम त्यांच्याकडे सोपवता येईल. घर भाड्याने देताना हाच कागद कराराला जोडता येईल.

यावर आक्षेप येईल की असंघटित कारागिरांच्या पोटावर पाय येईल आणि परवान्यांचे नवे राज्य उभे राहील. हा आक्षेप हलका नाही. म्हणूनच प्रशिक्षणाचा भार कारागिरावर न टाकता उत्पादकांवर टाकावा आणि आयटीआयमधून अल्पमुदतीचे, माफक शुल्काचे प्रमाणपत्र उपलब्ध करावे. प्रमाणपत्र मिळालेल्या कारागिराला त्याच्या कौशल्याचा दामही अधिक मिळेल.

आज कारखान्यातून बाहेर पडणारा गीझर तपासलेला असतो. त्याच्या आणि भिंतीच्या मधल्या हातभर जागेची जबाबदारी मात्र कोणाचीच नसते आणि माणसे मरतात ती बहुधा तेथेच झालेल्या चुकीमुळे.