पाळीव कुत्र्याच्या पोटातील जंत

घरात कुत्र्याचे पिल्लू आले म्हणजे मुलांच्या आनंदाला सीमा राहत नाही. त्याला दूध पाजणे, कुशीत घेणे, तोंडाशी तोंड लावणे हे सर्व पहिल्याच दिवसापासून सुरू होते. पिल्लाचे पोट नगाऱ्यासारखे गरगरीत दिसले, तर ते गुटगुटीत आहे म्हणून घरातील मंडळी कौतुक करतात. पण त्याच पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवून पाहावा, तो बरगड्या हाताला लागतात व केस राठ आणि निस्तेज आढळतात. मग एके दिवशी ओकारीबरोबर शेवयांसारखे पांढरे जंत बाहेर पडतात, आणि ते गरगरीत पोट सुदृढपणाचे नसून रोगाचे लक्षण होते हे कळून येते.

जंतांवर गुणकारी औषधे आज सहज मिळतात. असे असता औषध पाजलेल्या कुत्र्याला पुन्हा पुन्हा जंत का होतात? या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या बाटलीत नसून जंतांच्या जीवनक्रमात सापडते. जंत आपल्या आयुष्याचा काही काळच कुत्र्याच्या आतड्यात असतो. बाकीचा काळ तो मातीत, पिसवेच्या शरीरात किंवा कुत्र्याच्याच मांसपेशींत दडून काढतो. या जागा ज्याने ओळखल्या, त्याला जंतांचा बंदोबस्त करणे अवघड नाही.

जंत येतात कोठून?

गोड खाल्ल्याने किंवा गूळ-दूध दिल्याने पोटात जंत होतात, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती खरी नाही. कोणताही जंत अन्नातून आपोआप उत्पन्न होत नाही. तो दुसऱ्या जंताने घातलेल्या अंड्यातूनच जन्मतो, आणि ते अंडे किंवा त्यातील अळी कुत्र्याच्या शरीरात शिरल्याशिवाय कुत्र्याला जंत होणे शक्य नाही.

आपल्या देशातील पाळीव जनावरांच्या कृमींची पद्धतशीर माहिती जी. डी. भालेराव यांनी १९३५ साली एका ग्रंथात एकत्र केली. कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या कृमींच्या जाती पुष्कळ आहेत. परंतु सामान्य वाचकाने गोलकृमी, अंकुशकृमी व पट्टकृमी हे तीन गट नीट ओळखले म्हणजे पुरे.

गोलकृमी

ओकारीत शेवयांसारखे दिसतात ते गोलकृमी. शास्त्रीय परिभाषेत या जातीस टॉक्सोकारा कॅनिस म्हणतात. पूर्ण वाढलेला कृमी १० ते १८ सेंटिमीटर लांब असतो व त्याची मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते. ही अंडी विष्ठेबरोबर बाहेर पडतात. मात्र त्या वेळी ती निरुपद्रवी असतात. उष्णता व ओलावा मिळाल्यास साधारणतः दोन ते चार आठवड्यांत त्यांच्यात अळी तयार होते, आणि मग अंडे रोगकारक बनते. त्याचे कवच इतके चिवट असते, की ते सावलीतील ओलसर मातीत काही वर्षेही टिकून राहते. फिनेलसारख्या नेहमीच्या जंतुनाशकांनी ते मरत नाही. कडक ऊन व कोरडेपणा मात्र त्याला मानवत नाही.

असे अंडे पिल्लाच्या पोटात गेले, की अळी आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे यकृतात व तेथून फुप्फुसांत जाते. पुढे ती खोकल्याबरोबर घशात येते, गिळली जाते आणि पुन्हा आतड्यात पोहोचून तेथे वाढते. मोठ्या कुत्र्यात बहुतेक अळ्या हा फेरा पुरा करीत नाहीत. त्या मांसपेशींत व इतर अवयवांत जाऊन निद्रिस्त पडून राहतात. तेथे त्यांना नेहमीचे औषध बाधत नाही व विष्ठेच्या तपासणीत त्यांचा मागमूस लागत नाही.

कुत्री गाभण राहिली, की गर्भारपणाच्या शेवटच्या सुमारे तीन आठवड्यांत या अळ्या जाग्या होतात व वारेतून गर्भात शिरतात. काही अळ्या पुढे दुधावाटेही पिल्लांना मिळतात. म्हणजे पिल्लू जन्मते तेच जंत घेऊन, आणि ते सुमारे तीन आठवड्यांचे झाले की त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. 'आमचे पिल्लू घराबाहेर गेलेलेच नाही, मग त्याला जंत कसे?' या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

अंकुशकृमी

अंकुशकृमी लांबीने एक-दोन सेंटिमीटरच असतो; पण पिल्लांच्या दृष्टीने तो गोलकृमीपेक्षाही घातक होय. आपल्या दातांनी तो आतड्याच्या अस्तराला चावा घेऊन घट्ट धरतो व रक्त शोषतो. कुत्र्यांत आढळणाऱ्या मुख्य जातीचा एक कृमी दिवसाला सुमारे ०.१ मिलिलिटरपर्यंत रक्त शोषू शकतो. ही मात्रा क्षुल्लक वाटेल, परंतु एक किलोग्रॅम वजनाच्या पिल्लाच्या अंगात रक्तच मुळी ८० ते ९० मिलिलिटर असते. त्याच्या आतड्यात असे शंभर कृमी असले, तर एका दिवसात १० मिलिलिटर, म्हणजे सुमारे आठवा हिस्सा रक्त नाहीसे होऊ शकते. अशा पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, विष्ठा डांबरासारखी काळी होते आणि दोन-चार दिवसांत ते दगावते.

या कृमीची अंडी मातीत एक-दोन दिवसांतच फुटतात. अनुकूल हवेत सुमारे आठवड्याभरात त्यांतील अळ्या रोगकारक होतात. त्या तोंडावाटे जातात, तशाच पायांची कातडी भेदूनही शरीरात शिरतात. नवजात पिल्लांना त्या आईच्या दुधातून मिळतात. अशा पिल्लांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. विष्ठेत अंडी दिसू लागण्यास दोन आठवड्यांहून अधिक काळ लागतो. पण रक्तशोषण त्याआधीच सुरू झालेले असते. म्हणून तपासणीत अंडी दिसेपर्यंत थांबणारा मनुष्य कित्येकदा संपूर्ण वेत गमावून बसतो.

पट्टकृमी

कुत्र्याच्या गुदद्वाराजवळच्या केसांत किंवा त्याच्या अंथरुणावर भाताच्या शितासारखे तुकडे दिसतात. ते पट्टकृमीचे सुटे झालेले खंड होत. त्यांतील अंडी पिसवेची अळी खाते, पुढे ती अळी पूर्ण वाढून पिसू होते, आणि कुत्रा अंग चावताना ती पिसू गिळतो. हे चक्र पाहिले म्हणजे पिसवांचा नाश न करता नुसते औषध देणे व्यर्थ का ठरते, हे निराळे सांगावयास नको.

पट्टकृमीची एकायनोकॉकस नावाची दुसरी जात आकाराने चिमुकली, अवघी ३ ते ७ मिलिमीटर लांब असते. ती पोटात असतानाही कुत्रा निरोगी दिसतो. तिची अंडी मेंढ्या, बकऱ्या, गुरे किंवा माणूस यांच्या पोटात गेली, तर यकृतात वा फुप्फुसांत पाण्याने भरलेल्या मोठ्या पुटी तयार होतात. माणसाला त्यासाठी अनेकदा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते. कापलेल्या जनावराची पुटी असलेली फुप्फुसे किंवा यकृत कुत्र्याने कच्चे खाल्ले, म्हणजे हे चक्र पुरे होते.

हे चक्र तोडता येते, याचा दाखला आइसलंड या बेटाने दिला आहे. तेथे एकोणिसाव्या शतकात हा रोग माजला होता. हाराल्ड क्रॅबे या डॅनिश शास्त्रज्ञाने १८६३ साली तेथे जाऊन १०० कुत्र्यांची शवे तपासली, तेव्हा २८ कुत्र्यांत हा कृमी आढळला. पुढील वर्षी त्याने लिहिलेली एक छोटी पुस्तिका सरकारने घरोघर फुकट वाटली. जनावरांची पुटीयुक्त आतली अंगे पुरावी वा जाळावी, कुत्र्यांना देऊ नयेत, हा तिचा आशय होता. पुढे कायदेही झाले, आणि विसाव्या शतकात त्या बेटावरून हा रोग नाहीसा झाला. आपल्याकडे मटणाच्या दुकानामागे टाकलेल्या आतड्यांभोवती कुत्री जमलेली दिसतात, तेव्हा या उदाहरणाची आठवण व्हावी.

मुलांना होणारा अपाय

हेलेनॉर वाइल्डर या अमेरिकन संशोधिकेने १९५० साली आजारामुळे काढून टाकलेल्या मुलांच्या ४६ डोळ्यांची तपासणी प्रसिद्ध केली. डोळ्यात कर्करोगाची गाठ असल्याच्या संशयाने असे डोळे काढले जात असत. त्यांपैकी २४ डोळ्यांत गाठ नव्हती. कृमीची अळी किंवा तिच्या खुणा होत्या. १९५२ साली पॉल बीव्हर व त्यांचे सहकारी यांनी मुलांच्या यकृतात भटकणाऱ्या कुत्र्याच्या गोलकृमीच्या अळ्या दाखवून दिल्या. मातीत खेळणारे मूल तोंडात हात घालते, त्याबरोबर अंडी पोटात जातात. माणसाच्या आतड्यात हा कृमी वाढत नाही, पण त्याची अळी शरीरात वाट चुकल्यासारखी हिंडते, आणि क्वचित एका डोळ्याची दृष्टी कायमची नेते. अंकुशकृमींच्या अळ्या अनवाणी पायात शिरून कातडीखाली नागमोडी, खाजरे वळ उठवतात. हे ऐकून कुत्रा घराबाहेर काढण्याचे कारण नाही. ताज्या विष्ठेतील गोलकृमीची अंडी रोगकारक नसतात, हे आपण पाहिलेच आहे. खरा धोका साचलेल्या घाणीचा आहे.

प्रत्येक अतिसार जंतांचा नव्हे

कुत्र्याला ढाळ लागले, की जंताचे औषध पाजून मोकळे होणे योग्य नाही. उष्टे-खरकटे खाणे, आहारात अचानक बदल, जिआर्डियासारखे एकपेशीय परोपजीवी, विषबाधा अशी अनेक कारणे संभवतात. सर्वांत भयंकर कारण म्हणजे १९७८ साली प्रथम ओळखला गेलेला पार्व्होव्हायरसचा रोग. त्यात पिल्लू खाणे सोडते, सारखे ओकते व दुर्गंधीयुक्त रक्तमिश्रित जुलाब होऊन शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. तेथे जंतांच्या औषधाची वाट पाहणे म्हणजे मौल्यवान तास दवडणे होय. हा रोग लशीने टाळता येतो. ती सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने टोचून घ्यावी.

मोठा कुत्रा हुशार असून त्याला एक-दोन पातळ शौच झाले असतील, तर स्वच्छ पाणी व बिनमसाल्याचा मऊ भात थोडा थोडा देऊन एक दिवस पाहावे. परंतु पिल्लू आजारी असेल, जुलाबात रक्त असेल, ओकारी थांबत नसेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील किंवा मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच पूर्ववत होत नसेल, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत. जंतांवर उपाय म्हणून लसूण चारण्याचीही चाल आहे. कांदा व लसूण यांनी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात, म्हणून ती सोडावी.

तपासणी व औषध

विष्ठेची तपासणी सोपी असते. मिठाच्या संपृक्त द्रावणात थोडी विष्ठा कालवून गाळतात व ते द्रावण लहान बाटलीत काठोकाठ भरून वर काचेची पातळ चकती ठेवतात. अंडी द्रावणापेक्षा हलकी असल्यामुळे काही मिनिटांत वर तरंगून चकतीला चिकटतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची जात ओळखता येते. मात्र अंडी दिसली नाहीत, एवढ्यावरून जंत नाहीत असे ठरत नाही.

एके काळी पट्टकृमीवर सुपारीतील अरेकोलीन देत. त्याने कुत्राच घायाळ होई. आता गोलकृमी व अंकुशकृमी यांवर पायरँटेल किंवा फेनबेंडाझोल आणि पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल ही अधिक निर्धोक औषधे आहेत. मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरते. म्हणून आधी वजन करावे व पशुवैद्याकडून मात्रा ठरवून घ्यावी. पिल्लांना दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या व आठव्या आठवड्यात, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि त्यानंतर साधारणतः दर तीन महिन्यांनी औषध द्यावे. पिल्लांबरोबर आईलाही द्यावे. वारंवार देण्याचे कारण असे, की औषध आतड्यातील कृमी मारते, परंतु वाटेवर असलेल्या अळ्या मागाहून येऊन त्यांची जागा घेतात.

रोजचे पाच नियम

पहिला नियम, आजची विष्ठा आजच उचलावी. गोलकृमीच्या अंड्यास रोगकारक होण्यास दोन आठवडे व अंकुशकृमीच्या अळीस सुमारे आठवडा लागतो. ही निसर्गाने आपल्याला दिलेली मुदत आहे. ती विष्ठा खोल पुरावी, भाजीच्या वाफ्यात खत म्हणून घालू नये. दुसरा, कुत्र्याची जागा कोरडी व उन्हाची असावी. तिसरा, पिसवांचा उपाय कुत्रा व त्याचे अंथरूण या दोहोंवर करावा. चौथा, कच्ची आतडी, यकृत व फुप्फुसे कधीही खाऊ घालू नयेत. एकायनोकॉकसची अंडी बाहेर पडतानाच रोगकारक असल्यामुळे तेथे पहिल्या नियमावर विसंबून चालत नाही. पाचवा, कुत्र्याशी खेळल्यावर व मातीतून आल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत.

यांपैकी एकाही नियमाला फारसा खर्च नाही. वर्षातून चार वेळा औषध देणे आवश्यक आहे खरे. पण उरलेल्या दिवसांत आपले अंगण आणि आपली मुले यांचे रक्षण एक खुरपे आणि साबणाची एक वडी यांनीच होते.