सरकलेली नेमखूण : जुन्या लष्करी दुर्बिणींविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्या लष्करी रायफलींवरील दुर्बिणींचा संग्रह करणाऱ्यांत एक समजूत अशी काही घट्ट बसली आहे की, तिच्यापायी उत्तमोत्तम अस्सल जिन्नस हकनाक निकामी होतात. दुर्बिणीला डोळा लावावा, नेमाची खूण दृष्टिवर्तुळाच्या मध्यावर न दिसता खाली किंवा एका अंगास गेलेली दिसावी, आणि तत्काळ निकाल द्यावा की दुर्बीण बिघडली. मग नळी खोलावी, खूण ओढून मध्यावर आणावी आणि या नासधुशीला दुरुस्ती म्हणावे, हा प्रकार वारंवार ऐकून खरोखर मनस्ताप होतो.

आजच्या दुर्बिणीत नेम जुळविण्याचा ड्रम फिरविला की उलटी प्रतिमा सुलटी करणाऱ्या भिंगांची आतली नळी किंचित कलते, प्रतिमा सरकते, आणि खूण मात्र सदैव मध्यावर भासते. ही रचना सार्वत्रिक झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. तत्पूर्वीच्या बहुतेक लष्करी दुर्बिणींत ड्रमबरोबर प्रत्यक्ष खूणच सरकते. ब्रिटिश नं. ३२ दुर्बिणीचा वरचा ड्रम शून्यापासून १००० यार्डांकडे नेत गेले असता आतला टोकदार खांब डोळ्यादेखत खाली उतरू लागतो. तो तसा उतरावा हीच रचनाकाराची तजवीज होती, कारण खूण खाली गेली म्हणजे नेमासाठी नळी आपोआप वर उचलावी लागते.

मग फौजेत ही खूण मध्याजवळ कशी राही? त्याचे उत्तर दुर्बिणीत नसून तिच्या बैठकीत आहे. मोसिन रायफलीवर सोव्हिएत पीयू दुर्बीण चढविताना उंचीचा मेळ बैठकीच्या स्क्रूंनी आणि आडवा मेळ कानशीने घासून किंवा पातळ पत्री सारून साधीत. जर्मन झाइस दुर्बिणींवर तर बहुधा आडव्या दुरुस्तीचा ड्रमच नसे, ते काम मागच्या बैठकीच्या समोरासमोरील दोन स्क्रूंकडे असे, आणि नेमका तो ‘हरवलेला’ ड्रम शोधीत बसणारेही आहेत. जपानी ९७ नमुन्याची दुर्बीण कारखान्यातच तिच्या रायफलीशी जुळवून कायम केलेली असे. तात्पर्य, खुणेची जागा हा त्या एका रायफलीसाठी शस्त्रकारागिराने केलेला दस्तऐवज आहे. दुर्बीण दुसऱ्या रायफलीवर चढविली तर खूण तिरकस जाणारच. अशा वेळी बैठक तपासावी, नळीला हात लावू नये. आणि दुर्बीण एकटीच हाती आली असेल तर खूण आहे तेथेच राहू द्यावी. नं. ३२ दुर्बीण ज्या ब्रिटिश रायफलीवर चढवीत त्या नं. ४ (टी) च्या बाबतीत तर सरकारी व्यवस्थाच अशी होती की दुर्बिणीच्या पकडीवर रायफलीचा क्रमांक ठोकीत आणि दस्त्याच्या मनगटाएवढ्या बारीक भागावर, लाकडातच, दुर्बिणीचा. संग्राहकाने आधी या दोन आकड्यांची रुजवात घालावी.

नं. ३२ दुर्बीण हॉलंड अँड हॉलंडने घडविली, असेही छातीठोकपणे सांगितले जाते. पीटर लेडलर यांच्या नं. ४ (टी) रायफलीवरील ग्रंथात तपशील पाहावा : त्या पेढीकडे दुर्बिणी बसविण्याचे काम होते, दुर्बिणी केरशॉ, वॉटसन यांसारख्या कारखान्यांतून येत, आणि मूळ योजना तर ब्रेन मशीनगनसाठी होती.

भिंगावरील निळसर झाक म्हणजे मळ नव्हे. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली शोधलेला परावर्तनरोधक थर तो असू शकतो, आणि आरंभीचे असे थर इतके मऊ असत की पॉलिशच्या एका फेऱ्यात नाहीसे होतात. आतल्या कडेशी दिसणारी इंद्रधनुषी छटा हा बहुधा दोन भिंगे जोडणारा कॅनडा बाल्सम सुटल्याचा परिणाम. बाहेरून कितीही घासले तरी तो जाणार नाही.

जर्मन दुर्बिणीवरील ‘डीओडब्ल्यू’ ही कोणा सैनिकाची आद्याक्षरे नसून आजच्या चेकियातील प्रेरोव्हच्या ऑप्टिकोटेक्ना कारखान्याचा युद्धकालीन सांकेतिक शिक्का आहे. अधिक वर्धन म्हणजे अधिक मोलाची दुर्बीण, हेही खोटे : नं. ३२ तिप्पट, पीयू साडेतीनपट, तर जर्मन झेडएफ ४१ अवघी दीडपट मोठे दाखवी.

आणि रायफलीवरची दुर्बीण ही विसाव्या शतकाची निर्मिती, असे मानणाऱ्यांनी अमेरिकन यादवी युद्धातील व्हिटवर्थ रायफली पाहाव्यात. त्यांच्या डाव्या अंगास बसविलेल्या दुर्बिणीची रचना डेव्हिड डेव्हिडसन यांची होती, आणि हे गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतले अधिकारी.