दिवाणखान्याचे तोंड कोणीकडे?

अलिबाग, रेवदंडा, मुरूड या किनारपट्टीतील जुन्या व्यापारी घरांची मांडणी बहुधा एकाच धाटणीची असे. पुढे दुकान किंवा ओटी, मागे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर. ओटीवर गादी-तक्के, एका अंगाला झोपाळा आणि साऱ्यांचे तोंड रस्त्याकडे. येणारा माणूस पायरी चढण्यापूर्वीच दिसे. त्याला ‘या, बसा’ म्हणण्यासाठी कोणाला मान वळवावी लागत नसे. उधारीचा तगादा, मुलीची सोयरीक, संघाची वर्गणी, भावाभावांतील वाटणी, सारे काही समोरासमोर बसून बोलले जाई.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मुंबईचे प्रक्षेपण समुद्र ओलांडून येत असल्याने अलिबागच्या कौलांवर उत्तरेकडे तोंड केलेल्या अँटेना उभ्या राहिल्या. तो काळ काटकसरीचा होता. संच बाळगायचा तर टपाल कार्यालयात दरवर्षी परवाना शुल्क भरावे लागे आणि व्यापारी माणूस त्याची पावती इतर पावत्यांसारखीच जपून ठेवी. त्या संचांपैकी अनेकांना लाकडी पेटी असे आणि पेटीला सरकती झडप. कार्यक्रम संपला की झडप ओढली जाई, कोणी कुलूपही लावी, वर भरतकामाचा रुमाल पडे आणि खोली पुन्हा माणसांची होई. ‘रामायण’ मालिका २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी दिसू लागली, तेव्हा ज्याच्या घरी संच त्याच्या घरी निम्मी आळी लोटे. मुले पुढे जमिनीवर, वडीलधारे खुर्च्यांवर, सुना माजघराच्या दारात. त्या वेळी टीव्हीने माणसे जमवली, हे नाकारता येत नाही.

पुढे संच चपटा झाला, भिंतीवर चढला आणि झडप गेली. आज ओटीच्या जागी बंद दिवाणखाना आला आहे. नवे घर सजवताना पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘टीव्ही युनिट कुठे?’ आणि उरलेली खोली त्या उत्तरामागे फरफटत जाते. तीन जणांचा सोफा पडद्यासमोर, खुर्च्या त्याच रांगेत. पाहुणा आला तर यजमान व तो शेजारी शेजारी बसून समोरच्या भिंतीशी बोलतात. चौविहार पाळणाऱ्या घरात हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे असते. दुकानातून तेवढ्यासाठी घरी आलेल्या बापाला मुलाची पाठच दिसते.

संच विकून टाकावा, असे कोणी म्हणणार नाही. त्याने खोलीतील मुख्य जागा अडवू नये, एवढेच पाहायचे आहे. प्रवेशद्वारासमोरची भिंत मोकळी ठेवून संच बाजूच्या भिंतीवर न्यावा. बैठक काटकोनात मांडावी, म्हणजे माणसे एकमेकांकडे पाहू शकतात आणि थोडे वळले की पडदाही दिसतो. अंतर पडद्याच्या कर्णाच्या दीडपट ते अडीचपट पुरते. ४३ इंची संचास सुमारे साडेपाच ते नऊ फूट. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे जमिनीपासून सुमारे साडेतीन फुटांवर असावा. उपाहारगृहातल्याप्रमाणे छताशी टांगलेला संच मानदुखी तेवढी वाढवतो. घरदेरासर ज्या भिंतीला लागून आहे तिच्या पाठीवर संच नको. सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांत पलीकडून जाहिराती ऐकू येतात.

किनाऱ्यावरील घराची आणखी एक अडचण शहरातील सजावटकाराच्या ध्यानात येत नाही. येथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि नैर्ऋत्येकडून येणारा मारा पश्चिमेच्या भिंतीला भिजवतो. त्यातच जुने घर जांभ्या दगडाचे व चुन्याच्या गिलाव्याचे असेल, तर भिंतीत स्क्रू नीट धरत नाही. अशा भिंतीवर जड संच टांगण्यापेक्षा आतल्या कोरड्या भिंतीशी लाकडी कपाट करून त्यात तो ठेवावा. समुद्राकडील खिडकीसमोर पडदा आला तर दुपारनंतर त्यात उजेडच दिसतो. खारी हवा जोडण्यांना गंज चढवते, म्हणून संचामागे हात जाईल एवढी जागा ठेवून धूळ व ओल पुसत राहावे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की वायर प्लगमधून काढावी. नुसते रिमोटने बंद करणे पुरत नाही.

त्या कपाटाला सरकती दारे लावावीत. मागे हवा खेळण्यास झरोके ठेवावेत, संच चालू असताना दारे पूर्ण उघडी असावीत. जुनी झडप परत आणण्याचा हा साधा मार्ग आहे, आणि खर्च पाहता दिखाऊ संगमरवरी पॅनेलपेक्षा स्वस्तही. साध्वीजी गोचरीसाठी येतात त्या वेळी संच चालूच नसावा, हे बरे. त्या दारात असताना धावत जाऊन बटण दाबणारा माणूस असूजता ठरतो आणि त्याच्या हातून वहोरावता येत नाही. कपाटाची दारे सकाळी बंदच असली की ही धांदल टळते.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-मुरूडकडील अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. सगळे पडदे काळे होते. पडझडीतून ज्यांची ओटी वाचली होती, त्यांना बसायला जागा होती. इतरांच्या दिवाणखान्यांत सोफे त्या काळ्या पडद्यांकडे तोंड करून तसेच राहिले.

पर्युषणाच्या दिवसांत अनेक घरांत संच आपखुशीने बंद असतो, त्यावर कापडही टाकतात. सोफा मात्र त्या कापडाकडेच पाहत असतो. संवत्सरीनंतर ‘मिच्छामि दुक्कडम्’ करण्यास आप्त येतात. त्यांत एखादा असाही असतो की ज्याच्याशी दुकानाच्या वाटणीवरून वर्षभर बोलणे नाही. त्याला एका रांगेत बसवले तर हात जोडायचे कोणाकडे? भिंतीला खिळलेल्या जड सोफ्याऐवजी दोन हलक्या वेताच्या खुर्च्या दिवाणखान्यात असल्या, तर त्या उचलून समोरासमोर मांडायला घरातील दहा वर्षांचे मूलही पुरते.