तीन लाखांची जुनी गाडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरात गुडघे दुखणारी आई, शाळेत जाणारी दोन मुलं आणि हाताशी जेमतेम तीन लाख रुपये. अशा कुटुंबासाठी जुनी चारचाकी ही चैन नसते. भर पावसात दुचाकीवर चौघांनी बसण्यापासून ती सुटका असते. म्हणूनच हा व्यवहार फसला तर त्याची झळ जास्त बसते, कारण चूक सुधारायला दुसरे तीन लाख कुठून आणायचे?

सुरुवातीलाच एक हिशेब मनाशी पक्का करा. गाडीची किंमत वेगळी आणि गाडीचा खर्च वेगळा. तीन लाख असतील तर गाडी अडीच लाखांपर्यंतचीच बघा. उरलेले पन्नास हजार नाव बदलणं, विमा, टायर, बॅटरी, क्लच प्लेट आणि पहिली मोठी सर्व्हिसिंग यांसाठी राखून ठेवा. दुसरं म्हणजे, भाव ठरवताना विक्रेत्याने गाडी कितीला घेतली होती ते विचारात घेऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. तुलना करायची ती त्याच गाडीच्या आजच्या नव्या किमतीशी.

आता बाजारात ठामपणे सांगितल्या जाणाऱ्या काही समजुती तपासून पाहू.

गैरसमज १: मीटरवर किलोमीटर कमी, म्हणजे गाडी चांगली.

वस्तुस्थिती: मीटर मागे घेणं आजही अवघड नाही, डिजिटल मीटरसुद्धा त्याला अपवाद नाही. त्यामुळे मीटरवरच्या आकड्याला दुसरा पुरावा हवा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या प्रत्येक फेरीची तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर नोंदलेले असतात. विक्रेत्याला सोबत घेऊन ती नोंद मागा. गाडीही स्वतःचं वय सांगते. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत झालंय का, स्टिअरिंगचं आवरण घासलंय का, चालकाची सीट एका बाजूला दबलीय का, ते पाहा. टायरवर चार आकडे असतात. ‘३०१९’ म्हणजे २०१९ सालचा तिसावा आठवडा. २०१९ ची गाडी फक्त अठरा हजार चालली असं सांगतात आणि चारही टायर २०२३ चे आहेत, तर मूळ टायर कशाने संपले ते विचारायलाच हवं.

खरोखरच कमी चाललेली गाडीही आपोआप चांगली ठरत नाही. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे टायर कडक होतात, रबरी पाइप आणि सील सुकतात, बॅटरी बसते. नियमित चाललेली आणि वेळेवर ऑइल बदललेली ७० हजार किलोमीटरची गाडी अशा उभ्या गाडीपेक्षा भरवशाची असू शकते.

गैरसमज २: तेवढ्याच पैशांत मोठी गाडी मिळते, मग छोटी का घ्यायची?

वस्तुस्थिती: गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. नवी असताना बारा लाखांना मिळणारी सेडान आज अडीच लाखांना मिळेल, पण तिचा हेडलाइट, सस्पेन्शन आणि क्लच बारा लाखांच्या गाडीच्याच भावाने येतील. विम्यातही फरक पडतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचा वार्षिक हप्ता १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये आहे. गाडीच्या वयाने हा हप्ता कमी होत नाही.

बाजार सोडून गेलेल्या कंपन्यांच्या गाड्याही अशाच स्वस्त दिसतात. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस शेवरोलेची विक्री इथे थांबवली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. या गाड्या वाईट होत्या असं नाही. पण विकत घेण्याआधी आपल्या जिल्ह्यात तिचं काम कोण करतं आणि सुटे भाग किती दिवसांत मिळतात ते विचारून घ्या. बजेट तुटपुंजं असेल तर वॅगन आर, सेलेरियो, स्विफ्ट, आय टेन अशी तालुक्याच्या गावातल्या गॅरेजलाही ओळखीची गाडी बरी. चांगल्या अवस्थेतली टोयोटा इटिओस मिळाली तर तीही जरूर बघावी.

गैरसमज ३: गाडी दोन-तीन वर्षं अलीकडची की जुनी, याने फक्त भाव बदलतो.

वस्तुस्थिती: कुटुंबाच्या गाडीत हा फरक जीव वाचवणारा असू शकतो. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, सीटबेल्ट न लावल्यास वाजणारी सूचना, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग सर्व गाड्यांत आली ती जानेवारी २०२२ पासून. त्याआधीच्या अनेक गाड्यांच्या सर्वात स्वस्त प्रकारांत यातलं काहीच नसायचं, वरच्या प्रकारांत मात्र असायचं. म्हणून फक्त मॉडेल विचारू नका. उत्पादनाचा महिना आणि नेमका प्रकारही विचारा. २०१५ च्या दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्यांपैकी एकीत दोन एअरबॅग असतील आणि दुसरीत एकही नसेल.

एअरबॅग आहे, पण चालू आहे का? चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो विझतच नसेल किंवा मुळात पेटतच नसेल, तर यंत्रणेत बिघाड आहे, किंवा एकदा उघडलेली एअरबॅग पुन्हा बसवलेलीच नाही. मागच्या सीटचे पट्टेही ओढून, लावून पाहा. मुलं तिथेच बसणार आहेत.

गैरसमज ४: जुनी गाडी घ्यायची तर डिझेलच परवडते.

वस्तुस्थिती: महिन्याला ४०० किलोमीटर चालणारं कुटुंब घेऊ. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरू. पेट्रोल गाडी लिटरला १६ आणि डिझेल गाडी २० किलोमीटर गेली, तर महिन्याचा खर्च अनुक्रमे २,६०० आणि १,८२० रुपये होतो. बचत महिन्याला ७८० रुपये, वर्षाला साडेनऊ हजारांच्या आत. जुन्या डिझेल गाडीचं इंजेक्टरचं किंवा टर्बोचं एकच मोठं काम ही सगळी बचत गिळून टाकतं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. शाळा, बाजार, ऑफिस अशा छोट्या फेऱ्यांत तो नीट साफ होत नाही, त्याला अधूनमधून हायवेची सलग धाव लागते. रोजचा प्रवास लांबचा असेल तरच डिझेलचा विचार करा.

सीएनजीचं गणित चांगलं जमतं, पण तीन गोष्टी बघून. किटची नोंद आरसीवर हवी, सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झालेली हवी आणि विम्यात सीएनजीचा उल्लेख हवा.

गैरसमज ५: रंग चकाचक आणि दहा मिनिटांची फेरी मस्त, मग बघायचं काय?

वस्तुस्थिती: रंग ही गाडीत सर्वात स्वस्तात सुधारता येणारी गोष्ट आहे. एखादा दरवाजा किंवा बंपर रंगवलेला असेल तर घाबरण्याचं कारण नाही, शहरात ओरखडे पडतातच. खरा धोका सांगाड्याला लागलेल्या माराचा. बॉनेट आणि डिकी उघडून आतल्या पत्र्याचे जोड बघा. कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर असतात, हाताने केलेलं काम वेडंवाकडं दिसतं. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग सैल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर कारण शोधा.

पुरात बुडालेली गाडी तर याहून फसवी. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला, तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली होत्या. धुऊन-पुसून अशा गाड्या लांबच्या शहरात विकायला येतात. सीटबेल्ट टोकापर्यंत बाहेर ओढा आणि मातीचा डाग दिसतो का बघा. पायाखालचं कार्पेट उचला, सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज पाहा, स्टेपनीच्या खळग्यात हात घाला. बुडालेल्या गाडीचं वायरिंग पुढची कित्येक वर्षं त्रास देतं.

इंजिन थंड असतानाच गाडी सुरू करायची, असं आधीच सांगून ठेवा. तुम्ही पोहोचता तेव्हा बॉनेट गरम लागला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा या. सुरू करताना निळसर धूर दिसला तर इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर कुलंट जळत असण्याची शक्यता आहे. मग तुमच्या ओळखीच्या, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडे गाडी न्या, ती लिफ्टवर चढवून खालून बघायला सांगा आणि स्कॅनर लावून घ्या. त्याची मजुरी हा या व्यवहारातला सर्वात सार्थकी लागणारा खर्च आहे. विक्रेता याला तयार नसेल तर तिथून निघा.

गैरसमज ६: ‘सर्टिफाइड’ गाडी घेतली की काळजी मिटली.

वस्तुस्थिती: हे प्रमाणपत्र सरकार देत नाही, विकणाराच देतो. त्याचं मोल वॉरंटीच्या अटींवर ठरतं. किती महिने, किती किलोमीटर, कोणते भाग आणि दुरुस्ती कुठे, हे लेखी घ्या. क्लच, ब्रेक, टायर, बॅटरी बहुतेकदा वगळलेले असतात. जुन्या गाड्यांच्या डीलरांना आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, तेव्हा ते प्रमाणपत्र मागा. कुणी गाडीच्या पूर्ण किमतीवर १८ टक्के जीएसटी मागत असेल तर तेही चूक. जुन्या गाडीच्या विक्रीत नोंदणीकृत व्यापाऱ्याने कर भरायचा असतो तो त्याच्या नफ्याच्या रकमेवर. एका कुटुंबाने दुसऱ्या कुटुंबाला गाडी विकली तर जीएसटीचा प्रश्नच येत नाही.

गैरसमज ७: आरसी आणि सह्या केलेले टीटी (नाव बदलण्याचे) फॉर्म हातात आले, म्हणजे गाडी आपली.

वस्तुस्थिती: आरटीओच्या नोंदीत नाव बदलेपर्यंत कायद्याच्या लेखी मालक जुनाच. फॉर्म २९ आणि ३० यासाठीच आहेत. गाडी त्याच राज्यातली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नाव बदललं नव्हतं अशा एका अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावरच टाकली. म्हणजे नाव वेळेत बदलणं दोघांच्याही हिताचं आहे.

विम्याचंही तसंच. थर्ड पार्टी संरक्षण कायद्याने गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा मात्र पॉलिसी तुमच्या नावावर नसेल तर अडकतो. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीसोबत तुम्हाला मिळत नाही. त्यामुळे फरकाचा हप्ता भरावा लागेल.

कर्ज फिटलं असं सांगितलं तरी आरसीवर बँकेचं नाव असेल तर बोजा कायम आहे. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत दाखल होऊन एचपी, म्हणजे हा बोजा, उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. परिवहन पोर्टलवर मालकाचा क्रमांक, विमा, पीयूसी आणि नोंदणीची मुदत पाहा. थकलेली ई-चलनं विक्रेत्यालाच भरायला लावा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी नंबर प्लेट बसली आहे का तेही बघा.

गैरसमज ८: दिल्ली पासिंगची गाडी म्हणजे हमखास फायदा आणि पंधरा वर्षांची गाडी म्हणजे भंगार.

वस्तुस्थिती: दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांमुळे निर्बंध आले, म्हणून तिथल्या गाड्या स्वस्तात बाहेर पडल्या. पण ती गाडी महाराष्ट्रात कायमची वापरायची तर तिथली एनओसी, इथली नवी नोंदणी आणि वयानुसार इथला रस्ता कर हे सगळं आलं. हा खर्च आणि हेलपाटे मिळवून मगच भावाची तुलना करा.

महाराष्ट्रात पंधरा वर्षांनी गाडी आपोआप भंगारात जात नाही. तपासणीत पास झाली तर नोंदणीचं पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. त्यासाठी शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागतो. तरीही तेरा-चौदा वर्षांची गाडी घेणाऱ्याने हा खर्च आजच हिशेबात धरावा.

एवढं सगळं बघून गाडी घ्यायला दोन-तीन आठवडे जास्त लागतील. लागू द्या. ‘आजच विसार द्या, संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय’ असं कुणी म्हणालं तर ती गाडी त्या गिऱ्हाइकाला घेऊ द्या. मॉडेलपेक्षा अवस्था बघा, अवस्थेइतकेच कागद बघा आणि ज्या गाडीच्या कागदांत गाठ आहे ती कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नका.