आत्याची तीट

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले, की कोरेगाव भीमाच्या पुढे सणसवाडी लागते. भोवती कारखाने, रस्त्यावर अखंड मालमोटारी आणि त्यांच्यामागे उठणारी धूळ! अशा या गावात माझी आत्या राहत असे. दोन वर्षांपूर्वी तिचे सहस्रचंद्रदर्शन झाले, तेव्हा फोटो काढण्याची कामगिरी मी आपण होऊन अंगावर घेतली. कॅमेरा डिजिटल, पण आत आरसा असलेला, म्हणजे रिफ्लेक्स.

अंगणात उभ्याउभ्याच मी भिंग बदलले. नेमका त्याच वेळी फाटकाबाहेरून एक ट्रक गेला. पुन्हा डोळा लावून पाहतो, तो मधोमध काळा ठिपका! मी घाबरलो. भिंग काढले आणि उपरण्याच्या टोकाने आतला आरसा खसखसून पुसला. ठिपका जागचा हलला नाही; आरशावर मात्र दोन ओरखडे उठले.

पुढे पुण्यातल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्यांनी माझी शिकवणीच घेतली. "साहेब, घरच्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, याचा पुढच्या बाजूला. याला बोटसुद्धा लावायचे नाही!" शिवाय माझा ठिपका आरशावर नव्हताच. तो वरच्या फोकसच्या काचेवर होता आणि फोटोत येणारही नव्हता. कारण कळ दाबली, की आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश थेट मागच्या सेन्सरवर पडतो. थोडक्यात, डोळ्याला दिसणारी धूळ फोटोला बाधत नाही, आणि फोटोला बाधणारी धूळ आधी डोळ्याला दिसत नाही!

तशी धूळही माझ्या सेन्सरवर बसली होती. सेन्सर जेमतेम २४ मिलिमीटर रुंद. १२ इंची फोटो केला, की बारीकसा कणही बारा-तेरा पट मोठा होतो. त्यात तिन्ही रांगांतली माणसे स्पष्ट यावीत म्हणून मी भिंगाचे छिद्र बारीक, एफ १६ वर ठेवलेले. भर उन्हात सावली ठळक पडते, ढगाळ दिवशी पुसट. तसेच छिद्र बारीक असले, की कणाची सावली ठळक उमटते.

म्हणून वाचकहो, समारंभाच्या आदल्या दिवशीच छिद्र बारीक करून निरभ्र आकाशाचा एक फोटो काढा. डाग दिसले, तर बॅटरी पूर्ण भरून घ्या, सेन्सर-सफाईची सोय चालू करून आरसा वर करा, कॅमेरा पालथा धरा आणि रबरी फुग्याने हलकेच हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. एवढ्याने भागले नाही, तर जाणकाराकडे जा. आणि भिंग बदलायचे ते आडोशाला, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून.

हे शहाणपण मला उशिरा आले. त्या दिवशीच्या प्रत्येक फोटोत एकाच जागी डाग आला, आणि सगळ्या कुटुंबाच्या फोटोत तो नेमका आत्याच्या गालावर! मी ओशाळून फोटो पुढे केला. चष्मा सावरत ती म्हणाली, "अरे, या वयात मला तीट लावलीस होय रे?"

यंदा श्रावणात आत्या गेली. चिरंजीव म्हणतात, "बाबा, संगणकावर तो डाग क्षणात काढून देतो." मी नको म्हटले. कॅमेरा आता स्वच्छ आहे. फोटो मात्र तिटेसकट भिंतीवर आहे.