कृष्णदेवरायाचा दिवस

उजाडायला अजून बराच अवकाश असतो, तेव्हाच विजयनगरच्या राजवाड्यात कृष्णदेवराय मोठा पेलाभर तिळाचं तेल पितो. तेच तेल अंगाला चोळून, कमरेला लहानसं वस्त्र गुंडाळून तो मातीची जड वजनं उचलतो. मग तलवारीचे हात सुरू होतात. प्यालेलं तेल घामावाटे निघून जाईपर्यंत ते थांबत नाहीत. पुढे एका मल्लाशी कुस्ती आणि शेवटी घोड्यावर मांड टाकून मैदानात दौड. इतकं सगळं होतं, तेव्हा कुठे फटफटायला लागतं.

डोमिंगो पाइश हा पोर्तुगीज प्रवासी १५२०च्या सुमारास विजयनगरला आला होता. त्याने हे लिहून ठेवलं. राजा मध्यम उंचीचा, गोरा, जरा स्थूल आणि चेहऱ्यावर देवीचे व्रण असलेला. हसतमुख, पण एकदम भडकणारा, असंही तो सांगतो. उदयगिरीचा किल्ला १५१४मध्ये पडला, कोंडवीडू १५१५मध्ये, रायचूर १५२०मध्ये. ही नावं आपण पाठ करतो, पण त्या विजयांमागचा घाम पाइशने दाखवला.

सूर्योदयाला एक ब्राह्मण राजाला स्नान घालतो. मग राजवाड्यातल्याच देवळात पूजा.

पहिल्या प्रहरात कारभार. त्यासाठी भिंती नसलेला, खांबांना कापडं लावलेला मंडप आहे. आधी आत येतात ती कामाची माणसं, आणि त्यांत सर्वांत जवळचा म्हणजे म्हातारा प्रधान तिम्मरसू. सरदारांना त्यांच्यानंतर प्रवेश. ते अनवाणी येतात, हात जोडून डोक्यावर नेतात आणि दूर कडेला उभे राहतात. आपापसांत बोलायचं नाही, विडा चघळायचा नाही. हात बाह्यांत, नजर जमिनीवर. लढाईत हजारोंना हुकूम सोडणारी ही माणसं!

कामं काय असतील, याचा अंदाज राजाच्याच लेखणीतून येतो. त्याने तेलुगूत लिहिलेल्या ‘आमुक्तमाल्यदा’त राजनीतीचा मोठा भाग आहे. बंदरं सुधारा, परदेशी व्यापाऱ्यांना सांभाळा, म्हणजे हत्ती-घोडे शत्रूच्या हाती जाणार नाहीत, असं तो बजावतो. नुनिझ या दुसऱ्या पोर्तुगिजाच्या मते विजयनगरचा राजा होर्मुझचे आणि देशी मिळून दरवर्षी तेरा हजार घोडे घेई. समुद्रावरून येणारे घोडे पोर्तुगिजांच्या हातून येत, तेव्हा त्यांच्याशी गोडी ठेवण्याचं कारण इथेच सापडतं.

दिवस वर येतो तसं नागलापुराकडे, म्हणजे आजच्या होस्पेटकडे, तलावाचं काम चालू असतं. हजारो माणसं मुंग्यांसारखी राबताना पाइशने पाहिली. बांध दोन-तीनदा फुटला, तेव्हा ब्राह्मणांच्या सांगण्यावरून राजाने देहान्ताची शिक्षा झालेल्या कैद्यांचा बळी दिला. राजाची थोरवी सांगताना हे रक्त झाकता येणार नाही. त्याच तलावाखालच्या जमिनी लोकांना पहिली नऊ वर्षं साऱ्याविना दिल्या, हेही नुनिझ नोंदवतो.

नवरात्रात दिवस आणखी लांबतो. ओरिसाच्या मोहिमेनंतर उभारलेल्या विजयगृहातून राजा उत्सव पाहतो. मशाली पेटतात, कुस्त्या रंगतात, दारूकाम होतं. या नऊ दिवसांत राजवाड्यातल्या सगळ्यांना उपास असतो आणि जेवणाची वेळ येते ती मध्यरात्री. आणि पुन्हा उजाडायच्या आत तेल, वजनं, तलवार.

मराठी घरांत हा राजा विठ्ठलामुळे ठाऊक आहे. त्याने पंढरपूरची मूर्ती विजयनगरला, म्हणजे आजच्या हंपीला नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, असं वारकरी परंपरा मानते. हंपीच्या विठ्ठल मंदिराचा गाभारा आज रिकामा आहे. राजा १५२९मध्ये गेला आणि १५६५मध्ये राजधानी लुटली गेली. आज हंपीला गेलात, तर दगडी रथाचा फोटो काढून परतू नका. विजयनगरच्या काळातले कालवेही पाहा. त्यांतले काही आजही तुंगभद्रेचं पाणी केळीच्या बागांना देतात.