ताकदीच्या गाडीला ‘रेसिंग’ ब्रेक पॅड टाकताय? आधी हे वाचा

बीड : टर्बो इंजिनच्या जोरदार गाड्या आता तालुक्याच्या गावांतही दिसतात. पॅड झिजले की दुकानदार तीन-चार प्रकार समोर ठेवतो. साधे, कंपनीचे, ‘स्पोर्ट’ आणि ‘रेसिंग’. जेवढा भाव जास्त तेवढा ब्रेक चांगला, असं अनेकांना वाटतं. रस्त्यावरच्या गाडीला हा हिशोब लागू पडत नाही.

सगळा खेळ उष्णतेचा

ब्रेक गाडीच्या वेगाची उष्णता करतो. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट. म्हणजे ५० च्या वेगातून थांबताना जेवढी उष्णता होते, त्याच्या चौपट १०० च्या वेगातून थांबताना होते. मांजरसुंबा किंवा धारूरचा घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला, तर डिस्कला थंड व्हायला वेळच मिळत नाही.

मग दोनपैकी एक होतं. पॅड तापून पकड सोडतात. पायडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. किंवा ब्रेक ऑइल उकळून त्यात बुडबुडे होतात आणि पायडल मऊ होऊन खाली जातं. पहिला दोष पॅडचा, दुसरा ऑइलचा. ऑइल उकळत असेल तर महागडे पॅड टाकून काही उपयोग नाही.

रेसिंग पॅड रस्त्यावर का नको?

हे पॅड शर्यतीच्या ट्रॅकसाठी असतात. तिथे ब्रेक सतत तापलेले राहतात. थंड असताना यातले बरेच पॅड नीट पकडतच नाहीत. सकाळी गाडी काढली आणि वेशीजवळच म्हैस आडवी आली, तर पॅड थंडच असणार. शिवाय ते आवाज करतात आणि डिस्क लवकर खातात.

मग घ्यायचे कोणते?

रोजच्या वापराला कंपनीच्या दर्जाचे पॅड पुरतात. घाटातून जास्त जाणं-येणं असेल, तर रस्त्यासाठीच बनवलेले चांगल्या ब्रँडचे ‘स्पोर्ट’ पॅड चालतील. अनेक पॅडवर क्रमांकाच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. पहिलं अक्षर साध्या तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ‘ई’पेक्षा ‘एफ’ आणि ‘एफ’पेक्षा ‘जी’ची पकड जास्त. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल, तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो.

डुप्लिकेट मालापासून सावध राहा. चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या आणि पक्कं बिल मागा.

पॅडसोबत हेही बघा

- ब्रेक ऑइल : ते हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. डॉट ३ ची मर्यादा २०५ आणि १४० अंश. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदला, एअर नीट काढून घ्या. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका.
- डिस्क : किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. त्याखाली गेली असेल तर बदलाच.
- पॅडची जाडी : ३ मिलिमीटर उरली की बदला, आणि एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदमच.
- टायर : शेवटी गाडीला रस्त्यावर धरून ठेवतो तो टायरच. गुळगुळीत टायरवर कितीही भारी ब्रेक असला तरी गाडी घसरते.

बदलल्यावर लगेच घाट नको

गाडी हलवण्याआधी पायडल कडक होईपर्यंत दाबा. मग मोकळ्या रस्त्यावर मागे कुणी नाही हे बघून ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा हळूहळू ब्रेक लावा. प्रत्येक वेळी थोडं अंतर चालवून थंड होऊ द्या, पूर्ण थांबू नका. पॅडच्या डब्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर तीच वापरा.

आणि कुठलाही पॅड टाकला तरी घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. खालच्या गिअरमध्ये इंजिनच वेग धरून ठेवतं आणि ब्रेक खऱ्या गरजेसाठी शिल्लक राहतो. ऊस हंगामात तेलगाव-माजलगाव भागात रात्री वळणावर अचानक समोर ट्रॉली दिसते, तेव्हा कामाला येतो तो हाच शिल्लक राहिलेला ब्रेक.